हातमोज्याची आतली बाजू

खानझोडेबाईंनी हातमोजा उचलला, वरच्या फुलाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि उशीचा अभ्रा उलटावा तसा तो सरळ उलटा केला. मग दुसरा उचलला. तोही उलटा केला. दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवून त्या खाली वाकून बघत बसल्या.

असं काही होईल हे आमच्या गावीही नव्हतं. मुलगी बघायला आलेली माणसं तिचं विणकाम हातात घेतात, "छान आहे हो" म्हणतात आणि चिवड्याकडे वळतात, एवढंच आम्हाला माहीत. आमच्या गल्लीत तर क्रोशाचा एकच टेबलक्लॉथ चार मुलींनी आपला म्हणून दाखवला होता आणि चौघीही उजवल्या होत्या. आतली बाजू बघणारं माणूस कुणाच्या घरी आलं नव्हतं.

"दोन्ही कुंदानंच विणलेत," आई म्हणाली. तिचा आवाज एक पट्टी वर चढला होता.

खानझोडेबाई आतला धागा बोटानं चाचपत राहिल्या.

ही गोष्ट १९७३च्या जानेवारीतली, नागपूरची. मी एकवीस वर्षांची होते. वडील माझ्या लहानपणीच गेले होते. माझा दादा चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला आणि त्याची बायको, प्रमिलावहिनी, आमच्याकडेच राहिली. तिला माहेर असं उरलं नव्हतं. ती अठ्ठावीस वर्षांची होती. बर्डीवरच्या एका दुकानासाठी ती स्वेटर, टोप्या, हातमोजे विणायची आणि थंडीचे चार महिने तिच्या सुया थांबत नसत. घरात आई, वहिनी आणि मी. आईच्या जिवाला घोर एकच होता, माझं लग्न.

स्थळ आलं ते अरविंद खानझोडेंचं. नोकरी हवामान खात्यात, नेमणूक सिमल्याला, वय तेहेतीस, आणि बिजवर. पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत आजारपणात गेली होती. मूलबाळ नव्हतं. "माणसं शिकलेली आहेत, देण्याघेण्याचं नाव काढत नाहीत, आणि आपल्या दारात काही रांग लागलेली नाही," असं आई म्हणाली. मी वाद घातला नाही, पण दोन वेळा जेवले नाही. मला ते लग्न नको होतं. निदान ते बघायला आले त्या रविवारी दुपारपर्यंत तरी नको होतं.

हातमोज्यांची कल्पना आईची. "मुलगा बर्फात राहतो. त्याला काय टेबलक्लॉथ दाखवायचा?" म्हणाली. दुकानातल्यासारखे दोन रंगांचे, पाठीवर फूल असलेले हातमोजे हवेत असं तिनं ठरवलं. मला साधा एकरंगी मफलर येत होता, तोही कडेला तिरका जाणारा.

"मग सगळं वहिनीच विणेल आणि मी माझं म्हणून दाखवू?" मी विचारलं.

"एक प्रमिला विणेल, एक तू. म्हणजे मुलीनं विणलेत असं म्हटलं, तर निदान अर्धं तरी खरं."

आई रोज पोथी वाचायची. पूर्ण खोटं तिला झेपत नसे.

तीन आठवडे मी वहिनीसमोर सुया घेऊन बसले. तिनं चौकटीच्या कागदावर आठ पाकळ्यांचं फूल काढून दिलं होतं. काळी चौकट म्हणजे मरून टाका, रिकामी म्हणजे पांढरा.

"दोन गुंडे, दोन हात," वहिनी म्हणाली. "मरून डाव्या बोटावरून घे, पांढरी उजव्या. जिचं काम नाही ती लोकर मागून चालत राहते. फार लांब गेली तर तिला अडकवून घ्यायची, दर तीन टाक्यांनी. नाहीतर आत दोऱ्यांची जाळी होते."

"आणि ओढून धरायची?"

"ओढायची नाही. ओढलीस की कापड चुण्या धरतं, हातच आत जात नाही. सैलही सोडायची नाही."

"मग?"

"मधलं."

"मधलं म्हणजे किती ग?"

"हाताला कळतं."

माझ्या हाताला काही कळलं नाही. डाव्या बोटावर लोकर टिकेना. दोन दिवस झटापट करून मी गुपचूप अदलाबदल केली. मरून माझ्या सवयीच्या उजव्या हातात घेतली, पांढरी डाव्या. काय फरक पडतो, रंग तर तेच! आणि आत जाळी होईल या धास्तीनं मागची लोकर मात्र मी न चुकता अडकवत गेले. वहिनी स्वतः तसं करत नाही, हेही माझ्या लक्षात आलं. तिचा धागा सात-सात, आठ-आठ टाके मोकळा जायचा.

"तू कुठे अडकवतेस?"

"मला आठवड्याला तीन जोड्या द्यायच्या असतात बाई. दुकानदार काय आत हात घालून बघून राहिला? तू शिकताना नीट शीक."

हातमोजे तयार झाले आणि शेजारी ठेवले, तेव्हा मला रडूच आलं. तीच लोकर, त्याच सुया, तोच कागद. तिचं मरून फूल पांढऱ्यावर उठून दिसत होतं आणि माझं दहा धुण्यांतून निघाल्यासारखं विटकं. मी चौकटी तीनदा मोजल्या. एकही टाका चुकला नव्हता.

"वहिनी, काय चुकलंय माझं?"

"काही चुकलेलं नाही."

"मग असं का दिसतं?"

तिनं माझ्या हातमोज्यात हात घातला, बोटं हलवून बघितली, जरा जास्तच वेळ बघितली. "चांगला झालाय," म्हणाली. माझी समजूत घालते आहे असं मला वाटलं, आणि त्याचा आणखीच राग आला.

तर असे ते दोन हातमोजे खानझोडेबाईंच्या मांडीवर उलटे पडले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पडद्याआड उभी होती. अशा प्रसंगी तिनं पुढे यायचं नाही असं आईनं कधी सांगितलं नव्हतं, पण घरात ते ठरूनच गेलं होतं. संत्र्याच्या फोडींची ताटली मीच बाहेर आणली होती. अरविंद खानझोडे आपल्या आईशेजारी करड्या कोटात अवघडून बसले होते. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "थंडी सोसते का तुम्हाला?"

"नागपूरची सोसते," मी म्हणाले.

"आमच्या कचेरीत थंडी मोजायचं यंत्र आहे. गेल्या वर्षी ते यंत्रच गोठलं. वर तर रोजचा आकडा कळवावा लागतो. मग मी लिहिलं, आजची थंडी मोजण्यापलीकडची आहे."

"मग?"

"मग वरून पत्र आलं. उद्यापासून मोजता येईल अशी थंडी नोंदवावी."

हे त्यांनी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की मी खोखो हसले. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं असं हसायचं नसतं. आईनं डोळे वटारले. पण तेही हसले, आणि त्यांच्या पुढच्या दोन दातांमधली फट मला दिसली. माझं मन कसं फिरलं ते मला आजही सांगता येत नाही. दोन वेळा उपाशी राहिलेली मीच, आणि मला वाटायला लागलं की सिमल्याला जावं, त्या गोठलेल्या यंत्राशेजारी राहावं, आणि हे कुठल्याही कारणानं मोडू नये.

मी पुन्हा खानझोडेबाईंकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी हातमोजा सुलटा करून हातात घालून बघितला होता आणि आता त्या आपल्या अंगठीतून काहीतरी सोडवत होत्या. काय ते मी नीट पाहिलं नाही. माझं लक्ष कोटाकडे होतं. मग त्यांनी दोन्ही हातमोजे सुलटे पुढे ठेवले.

"कुंदा बेटा," त्या म्हणाल्या, "हे दोन वेगवेगळे हात आहेत. एका माणसाचं काम नाही हे."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे… थोडी मदत… आमच्या सुनेनं एक…"

"असू द्या हो, मदत घेणं काही गुन्हा नाही. मी नुसतं विचारते आहे. तुझा कुठला?"

मी एका फुलाकडे पाहिलं. दुसऱ्या फुलाकडे पाहिलं. मग अरविंदरावांकडे पाहिलं, आणि वहिनीच्या झळझळीत मरून फुलावर बोट ठेवलं.

"हा माझा."

आईनं सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. खानझोडेबाईंनी दुसरा, विटका हातमोजा उचलला. "मग हा?"

पडदा हलला आणि वहिनी बाहेर आली.

"तो माझा," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं खोटं सांभाळायला बिचारीनं माझं गचाळ काम स्वतःच्या माथी घेतलं होतं.

"इकडे या, अशा बसा," खानझोडेबाई तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मी बारा वर्षं अल्मोड्याला काढली. यजमान जंगल खात्यात होते. तिथल्या बायकांनी हे काम शिकवलं मला. तुझं फूल देखणं आलंय. मरून डाव्या हातात धरलीस ना? डाव्या हातातली लोकर खालून येते, आणि जी खालून येते तिचा टाका किंचित मोठा बसतो, तीच वर दिसते. यांनी उलटं केलं, पांढरी खालून घेतली. म्हणून फूल दबलं."

तीन आठवडे ज्या कोड्यानं माझी झोप उडवली होती त्याचं उत्तर हे असं मिळालं, आणि मला साधं "अस्सं होय!" म्हणायचीही सोय नव्हती.

"पण आता हे बघ." त्यांनी माझ्या म्हणवलेल्या हातमोज्यात हात घातला. मध्येच हात अडकला. त्यांनी तो तसाच वर धरला. "आतला मोकळा धागा अंगठीत जातो. अंगठी नसली तर बोटात जातो. अरविंदला भल्या पहाटे गच्चीवर जाऊन यंत्रं वाचावी लागतात. तिथे बोटं धाग्यात चाचपडत बसली तर गारठून जातील." मग त्यांनी दुसऱ्यात हात घातला. तो सरळ आत गेला. "आणि हा घातलेला कळतसुद्धा नाही. बाहेरची बाजू बघणाऱ्यासाठी असते बेटा, आतली घालणाऱ्यासाठी."

माझे कान तापले. इतकी स्तुती माझ्या कामाची आयुष्यात पहिल्यांदा होत होती आणि ती दुसरीच्या नावावर चालली होती.

खानझोडेबाई वहिनीला विचारत होत्या. यजमान कधी गेले, शिक्षण किती, माहेरी कोण. वहिनी एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग त्या आईकडे वळल्या.

"रागावू नका. मी सरळ बोलणारी बाई आहे. बिजवराला एकवीस वर्षांची पोर करायची हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं. त्याच्यासारखंच सोसलेलं कुणी असेल तर दाखवा म्हणून मी तीन घरी बोलले. तिन्ही ठिकाणी लोकांनी मला वेड्यात काढलं. तुमची सून मला द्याल का?"

आधी मला वाटलं, त्या विणकामासाठी मागताहेत. खरंच वाटलं. शिकवणीला वगैरे. मग अरविंदराव कानापर्यंत लाल झालेले दिसले.

"आई," ते म्हणाले, "त्यांना तरी आधी विचार."

"विचारतेच आहे. तुझं काय?"

त्यांनी वहिनीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "त्यांची इच्छा असेल तर माझी ना नाही."

"ती माझी सून आहे," आई म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडे मागते आहे."

आईनं तोंड उघडलं. ती काय सांगणार हे मला नेमकं माहीत होतं. अहो, तो हातमोजा माझ्या मुलीचा आहे! पण ते सांगायचं म्हणजे मुलगी तोंडावर खोटं बोलली हेही सांगायचं. आईनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. अर्धं खरं सांभाळता सांभाळता ती पुरती कोंडीत सापडली होती.

आणि वहिनी माझ्याकडे बघत होती. एकटक. चार वर्षांत तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं फिरलं असतं. माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. मला तो हसरा माणूस हवा होता. मला खोटारडी ठरायचं नव्हतं. आणि वहिनी मला काहीतरी विचारते आहे, ही जागा तुझी होती, मी घेऊ का असं विचारते आहे, हेही दिसत होतं. तिन्हींतलं काय धरावं ते कळेना. मी हो म्हणून मान हलवली.

"मला चालेल," वहिनी म्हणाली.

पाहुणे गेल्यावर आई बराच वेळ चुलीपुढे बसून होती. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "एक मुलगी द्यायला बसले होते, एक दिलीच म्हणायची." मग पदराला हात पुसून तिनं कुकर लावला. माझ्या खोट्याबद्दल ती मला कधीही बोलली नाही. मला वाटतं, वहिनीला द्यायचं तिच्याही मनात कधीचं असावं, फक्त ते तोंडानं म्हणायची तिची हिंमत नव्हती.

मार्चमध्ये लग्न झालं. वऱ्हाडी कमी आणि टीका करणारे जास्त होते, पण झालं. मी पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. सत्ताविसाव्या वर्षी देशकरांशी लग्न केलं. भला माणूस. विनोद म्हणून त्यांना कधी जमला नाही, पण दर थंडीत माझ्या उशाशी गरम पाण्याची पिशवी न सांगता ठेवतात. दोन मुलं झाली. वहिनी सिमल्याहून पत्र पाठवायची, मी उत्तर द्यायची, आणि प्रत्येक पत्र पाकिटात घालताना मला दोन गोष्टी एकदमच वाटायच्या. वहिनीचं भलं माझ्यामुळे झालं ही एक, आणि माझं घर ती घेऊन गेली ही दुसरी. कुठली खरी ते मी ठरवू शकले नाही.

निवृत्तीनंतर खानझोडे मंडळी नागपूरला परत आली. वहिनीच्या सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. एका दुपारी मी भेटायला गेले. अरविंदराव आत झोपले होते आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. वहिनीनं डिंकाचे लाडू केले होते. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेलं मी त्या दिवशी बोलून टाकलं.

"वहिनी, त्या दिवशी मला वाचवायला तू माझा हातमोजा आपल्या नावावर घेतलास. मी तुझी माफी कधी मागितली नाही."

तिनं हातातला लाडू खाली ठेवला. "वाचवायला?"

"नाहीतर काय?"

"कुंदे, तू हसत होतीस तेव्हा. तुझं लक्ष नव्हतं. मी पडद्याआडून बघत होते. माझ्या हातमोज्यात सासूबाईंची अंगठी अडकली आणि तुझ्यात त्यांचा हात सरळ गेला. तेव्हाच मला कळलं त्यांना कुठला आवडलाय. आणि तू बोट ठेवलंस माझ्यावर."

"मग?"

"मग काय! तुझा मोकळा पडला होता. मी उचलला."

आतून अरविंदरावांचं घोरणं ऐकू येत होतं. माझ्या तोंडातला लाडू तसाच राहिला.

"एवढी मोठी मागणी घालतील असं स्वप्नातही नव्हतं," ती म्हणाली. "मला एवढंच वाटलं, एकदा तरी कुणीतरी चांगलं म्हणावं. चार वर्षं पडद्याआड उभी होते मी. पण त्यांनी मागितलं, तेव्हा मात्र मी परत करणार नव्हते. तू बोलली असतीस तर मी तुला खोटं पाडलं असतं. तयारीच होती माझी."

"म्हणून माझ्याकडे बघत होतीस?"

"तू बोलतेस की काय, तेवढंच बघत होते. आणि तू मान हलवलीस."

"मला वाटलं, तू विचारतेयस."

"मी काही विचारत नव्हते."

मला राग यायला हवा होता. तो आला की नाही हेच कळेना. एकदा वाटलं, हिनं चोरलं माझं. मग वाटलं, मीच आधी तिचं चोरलं होतं. आणि मध्येच मला त्या लाल झालेल्या कानांची आठवण होऊन हसूही येत होतं.

"कुंदे," वहिनी हळूच म्हणाली, "मी विचारते आहे असं वाटून तू हो म्हणालीस ना?"

"हो."

"तो माणूस आवडला असूनही?"

तिला ते माहीत होतं. तेव्हापासून माहीत होतं. मी खाली बघितलं.

"हो," मी म्हणाले.

वहिनी उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात आपल्या हातात घट्ट धरून लहान मुलीसारखी रडायला लागली. दादा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि आमच्या दोघींतली नेमकी कोण कुणाची समजूत घालते आहे, ते मला काही केल्या कळत नव्हतं.